फोड सांगा, आबा

आमच्या घरी इंग्रजी पेपर यायचा तो आठवड्यातून एकदाच, आणि सातही दिवसांचा एकदम. लोणंदपासून आमचं गाव आत आहे. स्टेशनाजवळचा पेपरवाला आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, रोज एक अंक बाजूला काढून ठेवायचा, आणि आबा बाजारच्या दिवशी जाऊन सगळा गठ्ठा घेऊन यायचे. पिशवीत खाली कांदे-बटाटे, वर पेपर. बातम्या शिळ्या झालेल्या असायच्या, पण आबांना बातम्यांशी काही देणंघेणं नव्हतंच. त्यांना हवं असायचं ते आतल्या पानावरचं कोडं.

कोडं म्हणजे आपल्या मराठी पेपरात येतं तसलं ‘कृष्णाची आई, तीन अक्षरी’ नव्हे. देवकी लिहा नाहीतर यशोदा लिहा, दोन्ही तीनच. आबांचं कोडं इंग्रजी, आणि गूढ. त्यातलं वाक्य वाचलं की वाटतं, हा माणूस आपल्याला एखादी साधी गोष्ट सांगतोय, आणि असतं भलतंच. हे मी आजवर कितीतरी जणांना समजावून सांगितलंय, आणि बहुतेकांनी ‘बरा वेळ मिळतो बाई तुम्हाला’ असं तोंडावर म्हटलंय.

आबांची समजावण्याची पद्धत सोपी होती. मी पाचवीत असताना त्यांनी मला इंग्रजीच्या नादाला न लावता मराठीतच एक रचून घातलं. ‘एक मळकट सदऱ्यात लपलेलं फूल, तीन अक्षरी.’ मी दिवसभर डोकं खाजवलं. मोगरा म्हणून झालं, गुलाब म्हणून झालं.

“आगं, फुलं कशाला आठवतीस? वाक्य बघ. फूल सदऱ्यात न्हाई, वाक्यात हाय.”

‘एक’मधला ‘क’ आणि ‘मळकट’मधला ‘मळ’ जवळ घेतला की कमळ. मला इतका राग आला की मी वही आपटली. ही फसवाफसवी झाली, मी म्हणाले.

“फसवाफसवी कसली? त्यानं सगळं खरं सांगितलंय. तूच भलतीकडं बघत हुतीस.”

दुसऱ्या दिवशी ‘मास्तर गाडीत बसले की राज्य चालवतात, चार अक्षरी’. ते मला भाकरी खाता खाता सुटलं. सर आणि कार, सरकार. आबा उठून उभेच राहिले. आईला हाक मारून म्हणाले, “आगं ऐकलंस का, पोरगी निघाली!” आई आतून म्हणाली, “कुटं?” आबा पोट धरून हसले, आणि मग आठवडाभर जो भेटेल त्याला हेच सांगत सुटले.

ते फौजेत कारकून होते. आमच्याकडं ऊसवाल्यांच्या घरातला एक तरी मिलिट्रीत असतोच. आमच्या घरातून हे गेले. शिक्षण दहावी. तिथं त्यांच्या साहेबाला रोज सकाळी चहाबरोबर कोडं सोडवायची सवय, आणि टपाल घेऊन आबा समोर उभे. साहेबानं एक दिवस सहज एकाची उकल करून सांगितली. दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतःहून विचारलं. असं रोज एक, साहेबाची बदली होईपर्यंत. पेन्शनीत आल्यावर गावात बाकीचे मिलिट्रीवाले पारावर पत्ते कुटत बसायचे आणि आबा अंगणात खुर्ची टाकून पेन्सिल चावत बसायचे. “सुभेदार आज लय कोड्यात पडल्यात,” अशी येताजाता चेष्टा व्हायची. आबा मान वर करायचे नाहीत.

पण नुसतं उत्तर सांगून सुटका नव्हती. आमच्या घरचा नियम असा, की उत्तर आधी पेन्सिलीनं लिहायचं आणि त्याची फोड करून सांगितली की मगच त्यावरून पेन फिरवायचं. फोड म्हणजे वाक्यातला एकेक शब्द तिथं कशासाठी आलाय ते सांगायचं. एकही शब्द उरता कामा नये. उरला, तर उत्तर बरोबर असलं तरी आबा रबर घेऊन पुसून टाकायचे. “ह्यो तुक्का हाय,” म्हणायचे. मी किती वेळा रडले असेन त्या रबरापायी.

आणखी एक अडचण होती. सोमवारच्या कोड्याची उत्तरं मंगळवारच्या पेपरात छापून यायची, आणि मंगळवारचा पेपर त्याच गठ्ठ्यात. हात घातला की उत्तर हाताशी. आबांचा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी हे काम आईकडं दिलं. आई आटपाडीकडची. माहेरी मेंढरं, ती मेंढरांमागं फिरली, शाळेत गेलीच नाही. सही करते, तीसुद्धा चित्र काढल्यासारखी. गठ्ठा घरात आला की पहिल्यांदा आईपुढं. ती एकेक पेपर उघडून उत्तरांचा चौकोन शोधायची, शिवणाच्या कात्रीनं कापायची आणि चहाच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावायची. मग पेपर आबांच्या हाती. कोडं संपलं, किंवा आबांनी हात टेकले, की ते अंक आईपुढं धरायचे, आणि आई काळी घरं कुठं कुठं आहेत ती ताडून बरोबर तोच तुकडा डब्यातून काढून द्यायची. वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण चुकायची नाही. क्वचित दोन कोड्यांची आखणी एकसारखी निघायची; तेव्हा ती दोन्ही तुकडे आणून द्यायची आणि म्हणायची, “तुमचं तुमी बघा.”

मी पुढं इंग्रजीचीच शिक्षिका झाले, सांगलीत हायस्कूलला. लग्न केलं नाही. त्यावर गावात जे बोलायचं ते बोलून झालंय. दर रविवारी फोनवर आबांशी फोड चालायची. मी सोडवते बरं, पण आबांच्या पासंगाला पुरत नाही. दहातली दोन-तीन माझी अडायचीच. “काय गं बाई, एवढं शिकून?” असं ते म्हणायचे, आणि मग अगदी सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगायचे. माझ्याशी कुणी इतकं सावकाश कधीच बोललं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांच्या हातातला कप कलंडला. आईनं “आवं, सांडतंय की” म्हटलं, तर ते तिच्याकडं नुसते बघत राहिले. तिथून सातारा, साताऱ्याहून मिरज. जीव वाचला. उजवा हात गेला, पाय ओढत का होईना चालायला लागला, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, “त्यांना तुमचं कळतं. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट तुटलीय. सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे. आत्ता जेवढं परत येईल तेवढं आपलं.”

आत्ता जेवढं येईल तेवढं आपलं. मी हे वाक्य गाठीला बांधलं. दोघांना सांगलीला माझ्याकडं घेऊन आले, गावच्या घराला कुलूप लावलं, आणि ठरवलं की हा माणूस माझ्याशी पुन्हा बोलेपर्यंत मी गप्प बसणार नाही. मला दुसरं काही नको होतं. चालणं नको, हात नको. आबांनी बोलावं.

त्यांच्याकडं एकच शब्द उरला होता, ‘व्हय’. जेवलात का? व्हय. दुखतंय का? व्हय. आज शनिवार ना? व्हय. आज बुधवार ना? व्हय.

मिरजेला वाचा-उपचाराच्या एक बाई होत्या. आठवड्यातून तीनदा आम्ही रिक्षानं त्यांच्याकडं जायचो. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलायला मऊ. त्या आबांपुढं चित्रं ठेवायच्या. तांब्या, छत्री, गाय. “हे काय आहे, आजोबा?” मग त्यांच्याबरोबर आरतीची एखादी ओळ म्हणायच्या, टाळी वाजवत. मी कोपऱ्यात बसून दात खायचे. ज्या माणसानं साहेबालाही न सुटणारी कोडी सोडवली, त्याच्यापुढं तांब्याचं चित्र! पण खरं सांगायचं तर शब्द आले ते तिथंच. दोनेक महिन्यांत तीन आले. ‘पाणी’ आलं. आईला हाक मारायचं ‘आगं’ आलं. आणि एक दिवस बाईंनी गाईचं चित्र चौथ्यांदा पुढं केलं तर आबांनी डाव्या हातानं ते बाजूला सारलं आणि स्पष्ट म्हणाले, “नको.” बाईंनी टाळ्या वाजवल्या. आई रडली. घरी येताना रिक्षात आबांनी उगीचच दोनदा ‘नको, नको’ म्हणून बघितलं.

मला मात्र तेवढ्यानं धीर धरवेना. तीन शब्द दोन महिन्यांत, मग सगळे यायला किती जन्म? माझ्या डोक्यात आलं, ह्यांना गाईम्हशी कशाला, ह्यांना कोडं द्यावं. जी गोष्ट हाडीमाशी मुरलीय ती आधी परत येईल. मी इंग्रजी पेपर लावला. सांगलीत तो रोजच्या रोज मिळतो, पण घरची शिस्त ठेवली: आदल्या दिवशीच्या उत्तरांचा चौकोन आईनं सकाळीच कापायचा आणि डब्यात टाकायचा. शाळेत जाताना मी ते आदल्या दिवशीचं कोडं पाटावर चिमट्यानं लावून आबांपुढं ठेवायची, डाव्या हातात पेन्सिल द्यायची, आणि संध्याकाळी आले की चप्पल काढायच्या आधी ते बघायची.

कोरं. रोज कोरं. कधी एखादी रेघ, कधी पेन्सिल खाली पडलेली.

मी आधी गोड बोलले. मग समजावलं. मग माझा मूळचा स्वभाव बाहेर आला. शाळेत पोरं मला टरकून असतात, ते काही उगीच नाही. “आबा, प्रयत्नच करत नाही तुम्ही. नुसतं खिडकीबाहेर बघत बसता.” आबा म्हणायचे, “नको.” मी म्हणायची, “नको म्हणून कसं चालेल? नियम कुणाचा? तुमचाच ना?” एकदा सोपं बघून एक मीच सोडवलं आणि म्हणाले, “बरं, उत्तर मी देते. फोड सांगा, आबा.” त्यांचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा फुगल्या. काही आलं नाही. मी पुन्हा म्हणाले, फोड सांगा. पाच-सात वेळा म्हणाले असेन. शेवटी पेन्सिल भिंतीवर भिरकावली आणि ओरडले, “कुक्कुलं बाळ आहात का तुम्ही?” आई दारात उभी होती. ती पेन्सिल उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर कोड्यातली दोन उत्तरं भरलेली.

अक्षरं वेडीवाकडी, घरांतून बाहेर सांडलेली, ‘एस’ उलटा. पण उत्तरं बरोबर! मी पेपर घेऊन खोलीभर नाचले. “आबा, हे तुम्ही लिहिलंत? तुम्हीच ना?”

“व्हय,” आबा म्हणाले.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी त्यांचा डावा हात धरून ढसाढसा रडले. आई म्हणाली, “चहा घे आदी.”

त्यानंतर रोज काही ना काही भरलेलं असायचं. दोनाची चार झाली, चाराची आठ. मग मी बसून, उत्तरावरून मागं जात, त्यांची फोड मीच करायची आणि आबांना वाचून दाखवायची. बरोबर ना, आबा? व्हय. मग पेन काढून शाई फिरवायची. आपल्याच पेपरावर आपणच बरोबरची खूण करणारी मास्तरीण मी.

भरलेले कागद मी मिरजेला नेऊन बाईंपुढं आपटले. बघा, म्हटलं. बाईंनी ते नीट पाहिले. म्हणाल्या, “छान आहे. माझ्यासमोर एक शब्द लिहितील का?” आबांनी पेन्सिल धरली आणि खाली ठेवली. “नको,” म्हणाले. मी म्हणाले, “त्यांना कुणी बघत असलं की अवघडतं.” बाई म्हणाल्या, “मॅडम, लिहिणं वेगळं, बोलणं वेगळं. इथलं सोडू नका. आणि घरी त्यांची परीक्षा घेऊ नका, नुसत्या गप्पा मारा.” मला ते लागलं. कालची पोरगी मला शिकवतेय! येताना मी रिक्षात ठरवूनच टाकलं. तीनदाचं एकदा केलं. पुढच्या महिन्यात एकदाचंही बंद केलं. आई म्हणाली, “आगं, जाऊ दे की त्यास्नी. तिथं हसत्यात ते.” मी म्हणाले, “तिथं गाईची चित्रं दाखवतात, आई. इथं ते अख्खं कोडं सोडवतायत. कळतंय का काही तुला?”

आई गप्प बसली. ती तेव्हा का गप्प बसली, ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय. तिला आता मागं फिरायला जागा उरली नव्हती.

असे चार महिने गेले. आबा ‘पाणी’ म्हणेनासे झाले होते, तांब्याकडं बोट करायचे. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी म्हणायचे, डोकं मोठ्या कामात गुंतलंय, लहानसहान गोष्टी राहणारच.

मग एका बुधवारी शाळेतून आले तर सगळंच्या सगळं कोडं भरलेलं. एक घर रिकामं नाही. चहा घेऊन फोड करायला बसले, तर पहिलंच जुळेना. उत्तर लिहिलेलं ‘पेलिकन’, म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी. आणि कोड्यातलं वाक्य होतं एका डॉक्टरानं शब्द मागं घेतल्याबद्दल. मी विचार केला. इंग्रजीत चोचीला ‘बिल’ म्हणतात, आणि डॉक्टर बिल देतो. जमलं! शब्द मागं घेतल्याचं काय? ते राहू दे. दुसरं उत्तर, तेही वाक्याशी फटकून. तेही ओढूनताणून बसवलं. तिसरंही बसवलं. प्रत्येकात दोन-तीन शब्द उरत होते आणि मी त्यांच्याकडं काणाडोळा करत होते. लहानपणी ज्यासाठी आबांनी माझी कितीतरी उत्तरं रबरानं पुसली, तेच मी त्यांच्या नावानं करत होते. चौथ्याला मात्र अक्कल चालेना. आबांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग मी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. उठून चहाचा डबा उघडला.

आत दोन तुकडे वरच होते, काळ्या घरांची आखणी हुबेहूब एक. एक ह्याच कोड्याचा, तो कोरा स्वच्छ. दुसरा जुना, मागच्या आठवड्यातल्या कुठल्यातरी दिवसाचा. त्या दुसऱ्यावर प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीचा एकेक बारीक ठिपका होता. लिहिताना जागा चुकू नये म्हणून देतात तसा. पेलिकनची सगळी अक्षरं ठिपक्यांसकट त्यात होती.

बाकीचे तुकडे मी ओट्यावर ओतले. सगळ्यांवर ठिपके. सुरुवातीच्या तुकड्यांवर दोनच शब्दांखाली, मग चार, मग आठ.

आई भाकरी थापत होती. मी तो तुकडा तिच्यापुढं धरला. तिनं एकदा बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

“दोन सारखीच निघाली व्हय?” ती म्हणाली. “तरी मला वाटलंच. मला कुटं वाचता येतंय, बाई. काळी घरं बघितली आन् उतरवलं.”

“कधीपासून, आई?”

“तू त्यास्नी कुक्कुलं बाळ म्हणालीस, त्याच्या दुसऱ्या दिसापासनं.”

“अगं, पण का?” माझा आवाज चढला. “मी काय समजत होते, माहितेय तुला? मला वाटलं ते बरे होतायत!”

आईनं भाकरी उलटली. ती कधी चिडत नाही, तेव्हाही चिडली नाही. “तू शाळंतनं यायची येळ झाली की ते घड्याळाकडं बघायचं. येवढा मिलिट्रीतला माणूस, लेकीला भ्यायचा. मला बघवंना. भरल्यालं दिसलं की तू वरडत न्हाईस, येवढंच मला ठावं. तू हसायला लागलीस, म्हणून मी आनिक भरलं.”

बाहेरच्या खोलीत आबांना सगळं ऐकू गेलं असणार. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं, आबा?”

“व्हय.”

“तुम्हाला आवडायचं का मी ते वाचून दाखवलेलं?”

“व्हय.”

ह्या ‘व्हय’चा मी चार महिने पुरावा म्हणून वापर केला होता.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. मी बाईंना सगळं सांगितलं. माझी काही बाजू सावरायची म्हणून नाही, पण सांगितलं. त्या मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी आबांपुढं तांब्याचं चित्र ठेवलं. आबांनी खूप वेळ बघितलं, तोंड उघडलं, ओठ जुळवले. “व्हय,” म्हणाले. मग गाय. एकदा, दोनदा, चारदा. बाई मुद्दाम चित्र पुन्हा पुन्हा त्यांच्या पुढ्यात आणत होत्या, त्यांनी ते हातानं सारावं म्हणून. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात मांडीवरच राहिला, आणि तोंडून आलं तेही “व्हय”च.

‘नको’ गेलं होतं. मिळालेल्या तीन शब्दांतला सगळ्यात कामाचा शब्द, आणि तो गेला होता. बाई फाईल बंद करत म्हणाल्या, “आपण करत राहू. पण मधले महिने…”

तेव्हापासून आम्ही आठवड्यातून तीनदा जातो. एक शब्द परत आलेला नाही. येईल असं आता बाईसुद्धा म्हणत नाहीत. पेपर मी बंद केला. आबा दिवसभर खिडकीशी बसतात. जेवण नको असलं तरी ‘व्हय’ म्हणतात आणि मग घास तोंडात धरून बसतात. आई त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखते आणि ताट उचलते. मी त्यांच्याजवळ बसते, शाळेतलं काहीबाही सांगते. ते ऐकतात. पण मी खोलीत शिरले की त्यांची नजर अजूनही आधी घड्याळाकडं जाते. तो माझा रोजचा मार आहे, आणि तो मला मिळायलाच पाहिजे.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

मिरजेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले होते. आई माझा डबा घेऊन दारात उभी राहिली. डबा देईना. म्हणाली, “एक इचारू का? मी ते भरलं नसतं, तर त्यांची वाचा आली असती का गं?”

ह्याचं उत्तर एका ओळीचं होतं. मिरजेला जाणं मी बंद केलं, आई, तू नाही. तू तर त्यांना जाऊ दे म्हणत होतीस. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढं म्हटलं की मग सगळंच माझ्या एकटीच्या माथी आलं असतं, आणि त्या सकाळी माझ्या अंगात तेवढं बळ नव्हतं. मी तिच्या हातातून डबा घेतला आणि म्हणाले, “आता झालं ते झालं. तू काही मुद्दाम थोडंच केलंस?”

आईनं मान हलवली. “न्हाई, मुद्दाम न्हाई केलं,” म्हणाली, आणि आत गेली.

ह्याला आता वर्ष होत आलं. रोज सकाळी ती देवापुढं बसते आणि हात जोडून बराच वेळ काहीतरी पुटपुटते. पूर्वी असं करत नसे. ओट्यापाशी उभं राहिलं की मला ते ऐकू येतं. ती चुकीची माफी मागत असते. मी डबा भरते, चप्पल घालते आणि शाळेला जाते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.